पोचपावतीवर आलेला मामा

लॅमिनेशन? ह्या पोचीचं? आवो काका, काय लिहिलंय हिच्यावर — तुमचा फेरफाराचा अर्ज तहसीलला मिळाला, शिक्का, तारीख, सही. एवढंच न्हवं? फेरफार कुठं झालाय? न्हाई म्हणत न्हाई मी, करून देतो की, मशीन तापायला दहा मिनिटं लागतात, बसा त्या खुर्चीवर — पण ‘आता काम झालंच’ असं जे म्हणलाव न्हवं तुम्ही, ते ऐकून ऱ्हावलं न्हाई बघा मला. कामून? कामून म्हणजे काय सांगू आता. हाव, हाव, बरोबर वळखलाव. अमेरिकेचा हरिओम तो मीच, हणमंतराव अण्णांचा. सुटीवर? सात महिने सुटी असती का कुणाला? गावात सांगतो मी, कंपनीचं काम इथनंच चालतंय म्हणून, कंप्युटरवर. चालतंय की — ह्याच कंप्युटरवर, दोस्ताच्या दुकानात बसून लोकांचे सातबारे काढायलो. मोठा इंजिनीयर! तुमचं गाव कोणतं म्हणलाव? लांब हाय? मग ठीक हाय, तुम्हाला सांगायला हरकत न्हाई. आज तसं बी मला गप बसवत न्हाई.

त्याचं असं हाय, माझी बायको तिथली नागरिक. उज्वला. जन्म तिथलाच, पण आईबाप उदगीरचे, म्हणून मराठी फाडफाड बोलती, चिडली तर जरा जास्तच. नर्स हाय दवाखान्यात. मी शिकायला गेलतो, वळख झाली, व्हिसा संपत आलता, लगीन केलं — व्हिसा संपत आला म्हणून न्हाई केलं! बघा, तुम्ही बी तसंच बघायलाव. सगळे तसंच बघतात, तिथलं सरकार बी तसंच बघतंय. म्हणून तर लग्नावरून तिथं कायमचं राहायचा, त्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला की मुलाखतीला बोलवतात, दोघांना शेजारी बसवून काय बी विचारतात म्हणे — हिचा ब्रश कोणत्या रंगाचा, ही कोणत्या कुशीवर झोपती. आम्ही रोज जेवताना तयारी करायचो. ती विचारायची, मी रागावले की काय करते? मी म्हणायचो, घासलेली भांडी परत घासतीस. हसायची लई. मुलाखतीची तारीख यायच्या आधीच मला सगळी उत्तरं पाठ, काका. अजून हायेत. डाव्या कुशीवर झोपती.

तर हा अर्ज सरकारकडं असतो न्हवं, वर्षभर, दीड वर्ष, तोवर माझ्यासारख्यानं देशाबाहेर जायचं न्हाई. जायचंच असलं तर वेगळी परवानगी काढायची. त्या परवानगीचा बी अर्ज आम्ही केलता — आणि त्याची पोच आलती. हसू नका. आता तुम्हीच सांगा, आमचे अण्णा जन्मभर काय सांगत आले? पोच घेतल्याबिगर टेबलापासून हलायचं न्हाई. शेतातल्या मोटारीच्या कनेक्शनचा अर्ज केलता अण्णांनी, कनेक्शन काय मिळालं न्हाई, पोच मिळाली. त्या पोचीवर आमची मोटार नऊ वर्षं चालली! लाइनमन आला की अण्णा पिशवीतनं पोच काढायचे, तो वाचायचा, च्या प्यायचा, जायचा. नऊ वर्षं ऊस भिजला पोचीवर. मग पाच दिवसाचं विमान कामून चालणार न्हाई? असा माझा हिशेब. इंजिनीयरिंगचं शिक्षण वर, अण्णांची पिशवी आत.

आता कशासाठी आलो म्हणाल — भाचीचं लगीन. शिवकन्या अक्काची पोरगी, ऋतुजा, नायगावला. मामा म्हणल्यावर पोरीला बोहल्यावर कुणी आणायचं, मंगलाष्टका होईस्तोवर पाठीमागं कुणी उभं राहायचं? मामानंच न्हवं? आम्ही दोघंच भावंडं. म्हणजे चुलत भाऊ हाय एक. अक्का तर म्हणलीच होती फोनवर, तुझे कागद व्हायचेत तर येऊ नगंस रे बाबा, तो राहील उभा, काही अडत न्हाई. दोनदा म्हणली. पण — आता खरं सांगायचं तर फ्लेक्स छापून झालता. नायगावच्या चौकात, बारा बाय आठचा. ‘अमेरिकेहून खास उपस्थिती, नवरीचे मामा हरिओम’, गॉगल घातलेला फोटो. कुणी छापला म्हणजे? लग्नघरचे लोक — न्हाई, फोटो मीच पाठवलता. मजकूर बी मीच टाइप करून पाठवलता, ‘खास’ जरा मोठ्या अक्षरात घ्या म्हणून. आता छापलाय म्हणल्यावर न जाऊन कसं चालंल, मायला, लोक काय म्हणतील! झाली उपस्थिती. अशी खास झाली की सात महिने झाले, संपना.

पण एक सांगतो काका, उभा राहिलो ना पोरीच्या मागं — अंतरपाट धरलेला, तिच्या मुंडावळ्या हलायलेल्या, हात गार पडलेला तिचा — तिनं मागं न बघता हळूच म्हणलं, मामा, आलास बरं झालं. मी रडलो. फेटा बांधलेला माणूस कसा दिसतो रडताना, व्हिडिओत हाय, बघवत न्हाई. लई बरं वाटलं बघा.

मग हैदराबादचं विमानतळ. नायगावात लॅमिनेट करून घेतलती मी पोच, हाव, मी बी! दिली काउंटरवरच्या पोरीला, अण्णा लाइनमनला द्यायचे त्या ऐटीत. तिनं पुढनं बघितली, मागनं बघितली. म्हणली, सर, अर्ज मिळाला एवढंच लिहिलंय, परवानगी कुठं हाय? मी म्हणलं, मॅडम, पोच हाय ती. ती म्हणली, तेच की. तिनं काय च्या घेतला न्हाई. दीड महिन्यानं घरी पत्र गेलं, उज्वलानं फोनवर वाचून दाखवलं — परवानगीबिगर देश सोडला, म्हणून अर्जदारानं अर्ज सोडून दिला असं समजण्यात आलं. सोडून दिला! आवो, कार्डासाठी लगीन केलं म्हणणाऱ्यांनी बघा की आता — कार्डच घालवून बसलोय, लगीन तेवढं हाय.

म्हणजे, हाय अजून. आता सगळं पहिल्यापासून करायचं, ह्यावेळी तिनं तिथनं माझ्यासाठी अर्ज करायचा, मी इथनं वाट बघायची. तिची सही लागती. तिची सही न्हाई तर मी आपला इथंच, तुमच्या सेवेला. ती तयार हाय, न्हाई कशाला म्हणू. माझ्यावर रागच न्हाई तिचा. तिचा सगळा राग तिथल्या आमच्या वकिलावर, आमचे अर्ज भरणाऱ्या. कामून म्हणजे, वकिलानंच सांगितलं न्हवं, पोचीवर जाता येतंय म्हणून. मी तिला तसंच — तसं सांगितलतं मी. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणली, नीट विचारलास का? मी म्हणलं, हाव, चालतंय म्हणला वकील. विचारायचं काय, उगं न्हाई म्हणला असता तर? फ्लेक्सचं काय केलं असतं मी?

तर आज तिची वेळ हाय त्या वकिलाकडं. तिथं सकाळचे नऊ, आपल्या इथं संध्याकाळचे साडेसहा. रात्रपाळी करून तशीच जाणार हाय. नवा अर्ज सोबत घेऊन, त्याच्यासमोर सही करणार — आणि आधी त्याची चांगली जिरवणार म्हणली. तुझं एवढं नुकसान केलं, सोडत न्हाई त्याला. किती वाजले? तो बिचारा गोरा माणूस, त्याला माझं नाव बी धड घेता येत न्हाई. सात महिने रोज म्हणतो, आज सांगतो तिला, आज सांगतो. ती दमून आलेली असती. मग म्हणतो उद्या.

थांबा — तिचाच. हां, उज्वला. हाव, दुकानातच हाय. पोचलीस? बाहेर बसलीस? जेवलीस का काही? बरं... न्हाई, ऐक, आत जायच्या आधी — अगं ऐक की. त्याला काही बोलू नगंस. मी सांगतो म्हणून. मी विचारल्याचा मेल दाखवायला लावतीस त्याला? मेल कसा असंल त्याच्याकडं... उज्वला, त्यानं न्हाई सांगितलं. म्हणजे त्यानं काहीच न्हाई सांगितलं. मी विचारलंच न्हवतं त्याला. न्हाई. एकदा बी न्हाई. हाव, मला ठाऊक होतं. अर्ज भरतानाच तू तो नियम वाचून दाखवला होतास, मला ठाऊक होतं... रडू नगंस. रडत न्हाईस? बरं. आत बोलवायलेत का तुला? हां, जा. आणि ते — सहीचं... उज्वला? हॅलो?

रेंज गेली वाटतं. न्हाई काका. रेंज हाय.

उठा आता. जावा तुम्ही घरी. शटर ओढायचंय मला.