पालिकेच्या खात्यावरून ‘आई’

— नाही हो, हॅक-बिक काही झालं नव्हतं. मीच लिहिलं. पालिकेच्या अधिकृत खात्यावरून, पूर्ण शुद्धीत. आता तुम्ही चौकशीलाच आलायत तर सांगते सगळं — बसा ना, त्या फायली ठेवा खाली.

तर धरणाचे दरवाजे उघडणार हे सकाळीच कळलं होतं. मी लगेच मजकूर केला — ‘नदीकाठची घरं आत्ता सोडा, टेकडीवरच्या शाळेत या.’ साहेबांकडे मंजुरीला पाठवला. साहेब म्हणाले, ‘आत्ता’ काढा, घबराट होते. मग ‘सोडा’चं ‘सोडण्याबाबत विचार करावा’ झालं. मग नागरिकांना ‘सन्माननीय’ लागलं. मग साहेबांचा फोटो — उजवीकडे की डावीकडे? डावीकडे. दुपारी गेली एकदाची पोस्ट. आणि खाली लोक काय लिहितात? ‘अभिनंदन साहेब.’ ‘छान फोटो.’ एकानं तर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

त्यातच खालच्या आळीतल्या एक बाई लिहितात — ‘आमच्या ग्रुपवर आलंय, धरणाची बातमी खोटी आहे. पाणी अंगणात आलंय, ते दरवर्षीच येतं. मी हलणार नाही.’ मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. फोन लावला, लागेना — लागणार कसा, मला ब्लॉक केलंय त्यांनी — ते जाऊ दे, ते नका लिहू. मग हातात राहिलं काय? हे एकच खातं. लिहून टाकलं — ‘आई, हट्ट पुरे. ग्रुपवाल्यांना पोहता येत असेल, तुम्हाला येत नाही. कपाट उघडत बसू नका. गुडघ्याला पट्टा बांधा, शेजारच्यांना हाका मारा आणि शाळेत या. मी दारात उभी आहे.’ उभी कुठली, या खुर्चीतच होते — मग पळत गेले. हो, मंजुरी न घेता. हो, साहेब शेजारच्याच खोलीत होते.

पण झालं काय, साहेबांच्या पोस्टला कुणी विचारलं नाही आणि हे मात्र गल्लीगल्लीच्या ग्रुपवर फिरलं. लोक म्हणाले, पालिका आई म्हणायला लागली म्हणजे प्रकरण गंभीर आहे! अख्खी आळी चढून आली — कोंबड्या, टीव्ही, एका गृहस्थांनी नुसता टेबलफॅन आणला. संध्याकाळी आळीची छपरं तेवढी पाण्याबाहेर होती. माणूस एकही दगावला नाही. हे मात्र लिहा.

त्या? आल्या ना. सगळ्यांत शेवटी, चिंब भिजून, पट्टा बांधून. म्हणाल्या, ‘चारचौघांत माझा गुडघा कशाला काढलास?’ बस. इतक्या वर्षांनी बोलल्या ते हे. मग आधाराला माझा हात धरून पायऱ्या चढल्या — आणि वर पोचल्यावरही सोडला नाही.

नातं? सासू. म्हणजे, होत्या. कोर्टानं नवऱ्यापासून मोकळं केलं, यांच्याबद्दल काही म्हटलं नव्हतं. सध्या माझ्याकडेच असतात, घर वाळेपर्यंत. तसं वाळलंय ते — मागच्याच आठवड्यात पाहून आले मी, भिंती अगदी कोरड्या. त्यांना अजून सांगितलं नाही —

काही नाही. लिहा तुम्ही, मंजुरी न घेता मजकूर टाकला, मान्य. द्या इकडे, सही करते. आणि जाताना दार ओढून घ्या.