चार पदरी घडी

इस्त्रीच्या दुकानातली रांग अडली होती. चादरींचं गाठोडं घेऊन नर्सबाई तिसऱ्या उभ्या होत्या आणि इस्त्रीवाल्या मावशी मात्र दुकानात घड्या घालणाऱ्या पोरीसाठी टॉवेल गरम करत होत्या.

“पाळी आली की असा जीवच काढते, मावशी.”

“गोळी घेतलीस?”

“आत्ताच, खाऊन.”

“मग ती लागू पडेपर्यंत हा धर. चार पदरी घडी आहे. आधी मनगटाला लावून बघ. चटका नाही ना बसत? आता ओटीपोटावर ठेव आणि भिंतीला टेकून बस.”

“आणि घड्या?”

“घड्या कुठे पळून जात नाहीत.”

“अहो, माझा शर्ट!” पुढचे गृहस्थ वैतागले. “अर्धा तास ताटकळतोय मी.”

“तुमच्या शर्टाला पोट नाही, साहेब. तो थांबेल.”

“एवढं काय दुखतं हो?”

“कधी विचारलंत घरात कुणाला?”

गृहस्थांनी भिंतीला टेकलेल्या पोरीकडे पाहिलं. मावशींनी त्यांचा शर्ट पसरला. एक बाही झाली.

“किती पदरी म्हणालात?”

“चार. का हो?”

“मुलगी सकाळपासून अंथरुणात आहे. नाटकं करतेस म्हणून ओरडून आलोय. शर्ट राहू दे, उद्या नेतो.”