बाडाची उजवी बाजू

सरोज : सही राहू द्या, पण निदान वाचून तरी बघा, कुंडलिकराव. दानपत्रात तुमचं नाव अगदी वर घातलंय मी.

कुंडलिक : वाचलं. दोनदा वाचलं. "दात्याने स्वखुशीने." खुशी कुठंय हितं? म्या दाता न्हाई आन् हे बाड देनार न्हाई.

सरोज : मी पुण्याहून वेल्ह्यापर्यंत हट्ट करायला आले नाही. आमच्या ग्रंथालयात या बाडाची डावी बाजू आहे, तुमच्याकडे उजवी. हाताने लिहिलेल्या एकाच वहीचे दोन उभे तुकडे. ते एकत्र यायला नकोत?

कुंडलिक : यावेत की. डावी घेऊन या.

प्रेरणा : मॅडम, चहा. कप मात्र बाहेर ओट्यावर ठेवा हं. या खोलीत तात्या आईंनासुद्धा चहा पिऊ देत नाहीत.

सरोज : तुम्ही सूनबाई?

प्रेरणा : व्हय, प्रेरणा. इथल्या चारशे पुस्तकांची यादी मी केलीय. तात्या एसटीत कंडक्टर होते. गाडी ज्या गावाला मुक्कामी, तिथलं जुनं पुस्तक दुसऱ्या दिवशी आमच्या घरात.

कुंडलिक : कुनाच्या चुलीपासनं वढून आनलं, कुनाच्या टेम्पोतनं, रद्दीत चाललेलं. हे बाड भाटघरच्या अंबूबाईकडं व्हतं. कणगीचं झाकण दाबायला.

सरोज : पण ते मधोमध कापलं कुणी?

कुंडलिक : वाटणी झाली. तिच्या आजेसासऱ्याच्या वक्ताला. रखमाजी थोरला, ज्ञानू धाकटा. बैल, भांडी, समदं निम्मं निम्मं. शेवटी ऱ्हायलं हे. बापाच्या हातचं अक्षर, दोगांलाबी पायजे. मोडी मातर दोगांलाबी येत न्हवती. मंग सुताराला बोलावलं आन् करवतीनं उभं कापलं. शिवण वरच्या अंगाला हाये, म्हनून पानं सुटली न्हाईत.

सरोज : अरे देवा!

प्रेरणा : भांडण मिटलं म्हणून पेढे वाटले म्हणे.

कुंडलिक : रखमाजी भोरला गेला. त्याच्या नातवानं डावी तुमाला दिली. आन् तुमी तिचा शकुनग्रंथ केला.

सरोज : माझा लेख वाचलात तुम्ही?

कुंडलिक : नसरापुरात मिळाला. रद्दीच्या दुकानात.

सरोज : बोला, बोला. पण आमच्यापुढे तेव्हा फक्त डावी बाजू होती. "बैलाचा उजवा डोळा गळे तरी." "गाय खाली बसे, उठेना तरी." प्रत्येक ओळ "तरी"वर तुटलेली. पुढे काय असेल? शकुन, अपशकुन. कुणालाही तसंच वाटलं असतं.

कुंडलिक : कुनालाबी न्हाई. गोठ्यात शेण काढनाऱ्याला इचारलं असतं, तर उभ्या उभ्या सांगितलं असतं. गुरांच्या दुखण्याची वही हाये ती. तुमच्याकडं समदी दुखणी, माझ्याकडं समदी औषधं.

प्रेरणा : लेखात तुम्ही दहा ओळी छापल्या होत्या. त्या आम्ही शेजारी लावून बघितल्या. "बैलाचा उजवा डोळा गळे तरी", आणि इकडं, "त्रिफळ्याचे पाण्याने धुणे". तुम्ही अर्थ दिला होता, धन्यास परगावी मृत्यू.

कुंडलिक : लई हसलो त्या दिवशी. बैल तिकडं डोळं पुसतोय आन् तुमी धन्याला मारलं.

सरोज : हसा. उजवीत औषधं आहेत, असं तुमचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून तर आले. पुढच्या महिन्यात डावी बाजू पुस्तकरूपाने निघतेय. प्रस्तावना माझी आहे, तीच, शकुनांची. संचालक म्हणतात, उजवी बाजू संस्थेत जमा झाली तरच छपाई थांबवू.

कुंडलिक : न्हाई झाली तर ठावं असून खोटं छापनार?

सरोज : ते म्हणतात, बाहेरच्या कागदावर आपण विसंबू शकत नाही.

कुंडलिक : मंग छापा. भ्या कुनाला घालताय?

सरोज : भीती नाही घालत. परिस्थिती सांगतेय.

कुंडलिक : आता माझी ऐका. म्या दोनदा आलतो तुमच्याकडं. डावी नुसती बगायला. फॉर्मावर शिक्षण इचारलं, म्या लिवलं नववी. दुसऱ्या खेपेला हे पत्र हातात दिलं. प्रेरणा, वाच गं.

प्रेरणा : "आपण मान्यताप्राप्त संशोधक नसल्याने सदर हस्तलिखित दाखविता येणार नाही." खाली सही आहे.

सरोज : माझी आहे.

कुंडलिक : डेपोत गाडी लागस्तोवर मोडी गिरवायचो म्या. तिकिटाच्या मागं. त्याला तुमच्या फॉर्मात रकाना न्हवता.

सरोज : नियम होता. मी तो डोळे झाकून पाळला, चुकले. पण माझ्यावरच्या रागाची शिक्षा या कागदाला नको. इथला पाऊस, ही दमट हवा. कसर लागली की चाळण होते.

कुंडलिक : फडकं सोडा. वास घ्या.

सरोज : वेखंड.

कुंडलिक : दर दिवाळीला नवं घालतो. आता भोक दावा. एक दावा. तुमच्या डावीला किती हायेत?

सरोज : शेवटच्या वीस पानांना आहेत.

प्रेरणा : एसीच्या खोलीत?

सरोज : काही आधीची आहेत. सगळी नाहीत.

कुंडलिक : मंग ऐका, बाई. हितं बसा. वळ न् वळ उतरून न्या, फोटू काढा. वेल्ह्यातलं कुनीबी येऊन वाचतं तसं तुमी वाचा, तुमचं शिक्षण म्या इचारनार न्हाई. पर बाड हितनं हलनार न्हाई. तुमचे संचालक आले तरी न्हाई आन् त्यांच्या वरचे आले तरी न्हाई.

सरोज : अंबूबाईंना शब्द दिलाय का तसा?

कुंडलिक : छ्या! ती म्हनली, घेऊन जा, कणगीवर धोंडा ठिवीन. शब्दबिब्द कुनाला दिला न्हाई. मलाच द्यायचं न्हाई.

सरोज : (पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढत) ही डाव्या बाजूची छायाचित्रं. सगळी पानं. सही झाल्याशिवाय दाखवू नये, अशी मला सूचना आहे.

प्रेरणा : मग?

सरोज : मग काय? प्रस्तावना मी काढून घेतेय, असं उद्या लेखी देते. दुसरा कुणी लिहायला बसला, तर त्याला आधी इथं पाठवीन. आणि त्यांनी मलाच काढलं, तर मीही मान्यताप्राप्त राहणार नाही. तेव्हा इथं बसू द्याल ना?

कुंडलिक : चहा बाहेर पिऊन यावं लागंल.

सरोज : सत्तावन्नावं पान काढा. तिथं मी सगळ्यात जास्त अडले होते.

कुंडलिक : प्रेरणा, तू वाच. माझ्यापरीस तुला बरं लागतं.

सरोज : डावीकडे आहे, "गाय दुसऱ्याचे घरी जाता चारा न खाय तरी". मी अर्थ लावला होता, घरात दुही माजेल.

प्रेरणा : इकडं, "जुने गोठ्यात आणोन बांधणे".

सरोज : हे तुम्ही आत्ता रचलंत.

प्रेरणा : मोडी तुम्हाला येते की. बघा.

सरोज : द्या इकडे. "जुने... गोठ्यात... आणोन बांधणे." हो. तसंच आहे.