शेडच्या पत्र्याचा उतार

ही गोष्ट २०२४ सालच्या मे महिन्यातील, ऐन उन्हाळ्यातील. निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी पिंपळीतल्या घरामागे, परसात, स्वतःच्या हातांनी पत्र्याचे शेड उभारले. वळीव आला आणि मला धडकीच भरली. पत्र्यावरचे सारे पाणी शेजारच्या तात्यांच्या अंगणात पडत होते. तात्यांनी शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेला. आमचा इतक्या वर्षांचा शेजार तुटू नये, म्हणून मी ह्यांना पुन्हा शिडीवर चढवले आणि उतार आपल्या बाजूला करून घेतला.

पुढच्या पावसानंतर तात्या कुंपणाशी आले, ते तोंड फुगवूनच.

"वैनी, आमचं काय चुकलं?"

"असे का विचारता, तात्या?"

"मग पाणी का तोडलं? पत्र्याखाली आमी पिंप ठिवलं हुतं. म्हस त्येच पाणी प्यायची."

माझा जीव भांड्यात पडला. "अहो, तुम्ही भांडाल म्हणूनच मी उतार बदलून घेतला!"

"मग आता भांडायलाच आलुया की!"

उतार पुन्हा तात्यांकडे वळवताना शिडी तात्यांनीच धरली. शेवटचा बोल्ट हातात घेऊन हे वरून म्हणाले, "तुमचे दोघांचे एकदा नक्की ठरू द्या, मगच हा आवळतो."

आमचे दोघांचे नक्की ठरेपर्यंत आषाढ सरला; श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तो बोल्ट आवळला गेला.