फायबरच्या टोकाला कुंकू

खरं सांगते, त्या दिवशी मी नोकरीच सोडणार होते यार. खंडेनवमीला विक्रोळीच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये सीनियर सावंतकाकांनी एआयच्या नव्या सर्व्हरांची पूजा केली. दुपारी क्लायंट तपासणीला येणार होता. पूजेनंतर मी फायबर केबल जोडल्या, तर आठ लिंक लागेचनात! धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो, म्हणून दोन दिवस खपून मी प्रत्येक टोक पुसून टोपण लावलं होतं. भिंगातून बघते तर टोकावर कुंकू!

"काका, टोपणं कोणी काढली?"

"मीच. प्लॅस्टिकला कुंकू लावून काय उपयोग गं?"

"अहो, आठ लिंक बंद पडल्यात!"

काका शांतपणे म्हणाले, "बघ, पूजा केली म्हणून आठांवर निभावलं."