मशीन काम करतं, यात वाद नाही

नाही, नाही, हसू नका, आधी ऐकून घ्या, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये जो तो मला जिन्यात अडवून विचारतो, 'काय हो, पळाला का उंदीर?' आणि विचारताना तोंडावर ते हसू... अहो, मी साकीनाक्याला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आख्खं आयुष्य मशिनांत गेलं, मला काय कुणीही काहीही विकेल? मशीन काम करतं. यात वाद नाही. प्रॉब्लेम आहे तो उंदराचा.

तुम्हाला सांगतो, ही भानगड सुरू झाली श्रावणात. आमचं घर घाटकोपरला, दुसरा मजला, घरात मी, बायको रुचिरा आणि माझी आई, जी कुडाळहून लग्न होऊन मुंबईत आली तेव्हाचं मालवणी अजून जसंच्या तसं बोलते. आणि त्यात आला हा उंदीर. डावा कान फाटलेला, चालण्यात भाडं भरल्याचा रुबाब! बरं, आलास तर आलास, कुरतडायला घरात काय कमी आहे? जुने पेपर आहेत, माझ्या चपला आहेत, पण नाही, यानं कपाटात शिरून कुरतडलं काय, तर गणपतीच्या पाटावर घालायचं लाल रेशमी वस्त्र. झालं! आईनं जाहीर केलं, ज्या घरात देवाच्या आधी उंदीर जेवतो तिथे गणपती आणायचा नाही, यंदा बाप्पा हर्षदकडे बसेल.

हर्षद म्हणजे माझा धाकटा भाऊ, बोरिवलीला नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो, तिथे डास आला तरी वॉचमन खाली त्याची सही घेतो. आता तुम्ही म्हणाल, भाऊच ना, जाऊ दे की एक वर्ष. कसं जाऊ दे? बाबा मिलमधून दमून यायचे आणि रात्रभर बसून स्वतःच्या हातानं मखर करायचे, ते गेल्यापासून तो गणपती माझ्याकडे येतो, ते चार-पाच दिवस मला बाबा घरात असल्यासारखे वाटतात. एकदा बोरिवलीला गेला की परत कसला येतोय? मला तो द्यायचा नव्हता. सरळ सांगतो, मला रडायला आलं होतं.

मग मार की उंदीर, असं म्हणताय ना? मीही तेच म्हटलं! औषध आणतो म्हटलं, तर आई म्हणाली, गणपती तोंडावर आले आणि तू त्यांच्या वाहनाला विष घालणार? म्हणजे बघा हं, उंदीर असला तरी गणपती नाही आणि उंदीर मेला तरी गणपती नाही! मग पिंजरा लावला, खोबरं टाकलं, सापडला, स्कूटरवर पिंजरा ठेवून मी स्वतः त्याला देवनारला नेऊन सोडला, म्हटलं डम्पिंग ग्राउंड आहे, खा बाबा, तुझी चंगळ आहे. चौथ्या दिवशी ओट्याखाली कोण? फाटका कान. देवनारहून परत! आमचा जावईसुद्धा इतक्या ओढीनं येत नाही. आणि आता पिंजऱ्यातलं खोबरं खाऊन, दार पडायच्या आत बाहेर.

तेव्हा मी मशीन मागवलं. हे एवढंसं, पांढरं, प्लगमध्ये खोचायचं, निळा दिवा लागतो आणि आत असा आवाज सुरू होतो की जो माणसाला ऐकू येत नाही पण उंदराचं डोकं उठतं आणि तो घर सोडून जातो. हिंसा नाही, विष नाही, देवालाही चालेल! मी लावलं आणि दोघींना समोर बसवून सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली,

"माका आयकाक येणा नाय. तुका आयकाक येणा नाय. मगे उंदराक येता ह्यां तुका सांगल्यान कोणी? उंदरान?"

रुचिरा तर पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी म्हटलं हसा, पण मशीन काम करतं, यात वाद नाही.

त्याच संध्याकाळी उंदीर बाहेर आला. टीव्हीसमोरून गेला, निळ्या दिव्याखाली थांबला, मिशा साफ केल्या आणि निघून गेला. रुचिरा म्हणाली, "अहो, त्याला आवडलेलं दिसतंय." मी लगेच माहितीपत्रक काढलं, त्यात छापलेलं आहे की सुरुवातीला उंदीर बेचैन होऊन जास्त दिसू लागतात. म्हणजे दिसला, म्हणजे काम करतंय! रुचिरा म्हणाली, "आणि नाही दिसला तर?" अगं, तर मग करतंयच ना! पण आवाज फर्निचरमधून पार जात नाही हे मला माहीत, म्हणून मी ते स्वयंपाकघरात हलवलं, तिथे मोकळा प्लग नव्हता म्हणून फ्रिजचा काढला... आणि परत लावायचा राहिला. दूध नासलं, खवलेलं खोबरं आंबलं, इडलीचं पीठ डबा सोडून चालू लागलं. फ्रिजला हॉलमधून वायर ओढून दिली, दोन दिवस कोरा चहा प्यालो, पण तुम्हाला सांगतो, त्या दोन दिवसांत उंदीर दिसला नाही! तिसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही! आईनं पाट काढला, नवं वस्त्र आणलं, म्हणाली, आण बाबा गणपती इकडेच. मी काय केलं असेल? सोसायटीच्या ग्रुपवर मशीनचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'शंभर टक्के रिझल्ट', आणि माझ्या शब्दावर निम्म्या बिल्डिंगनं मशीन मागवलं.

चतुर्थीला मूर्ती आली, हर्षद सहकुटुंब आला, आणि आईची नजर गेली त्या निळ्या दिव्यावर. मला बाजूला घेऊन म्हणते, "देवाक घराक बोलवतंस आणि तेच्या वाहनाक भायर काढतंस? बंद कर ता." मी म्हटलं, आई, मूर्तीजवळचा उंदीर मातीचा आहे, त्याला काय होतंय? पण आईपुढे शास्त्र चालतं का? बंद केलं.

आणि आरती ऐन रंगात, हर्षद झांजा वाजवतोय, मी डोळे मिटलेले, एकदम झांजा थांबल्या. डोळे उघडतो तर मखराच्या मागून फाटका कान. आला, मातीच्या उंदराशेजारी बसला, नैवेद्याच्या ताटातला एक मोदक दोन्ही हातांनी धरला आणि खायला लागला. हर्षद हळूच म्हणाला, "दादा, तुझं ते मशीन?" मी मनात म्हटलं, गेला, गणपती बोरिवलीला गेला, बाबांचा गणपती मी एका उंदरापायी घालवला.

आईनं हात जोडले.

"बाप्पा हयसरच ऱ्हवतलो," ती म्हणाली. "तेच्या वाहनानच सांगल्यान."

संपला विषय! गणपती कायमचा माझ्याकडे. आनंद झाला, का नाही होणार, मी खांबासारखा उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी. पण त्याबरोबर उंदीरही कायमचा माझ्याकडे! आई रोज सकाळी त्याला खोबऱ्याचा तुकडा ठेवते, पिंजरा भंगारात गेला, आणि तिकडे हर्षद हिरमुसलाय, परवा फोनवर चाचरत विचारत होता, "दादा, आमच्या टॉवरमध्ये एकसुद्धा येत नाही रे, तुझ्याकडे त्याचा कुणी भाऊबिऊ आहे का?"

आणि बिल्डिंग मला हसते! अहो, विचार करा की, मशीन चालू होतं तेव्हा आठवडाभर दिसला नाही, बंद केलं आणि तासाभरात हजर, याहून मोठा पुरावा कोणता? हेच मी रुचिराला सांगत होतो, विसर्जनानंतर मखर उतरवताना. ती स्टुलावर चढली, फ्रिजवरून मशीनचं रिकामं खोकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत बिछाना. खाली लाल रेशमी वस्त्राचे तुकडे, वर माहितीपत्रकाचा बारीक भुगा, मधे एक खोलगट जागा, अजून ऊबदार. म्हणजे तो आठवडाभर मशीनच्या डोक्यावर झोपला होता.

असो. मशीन काम करतं, यात वाद नाही. फक्त त्याला ते कळायला हवं होतं, आणि माहितीपत्रक त्यानं वाचायच्या आधीच खाल्लं.