बंदुकीच्या आवाजाकडे धावलेली हरणी

दि. १२ ऑक्टोबर २०२५

मी कृष्णात गणपतराव खाडे, वय २३ वर्षे, शिक्षण नववी पास, धंदा शिरोली एमआयडीसीत फौंड्री कामगार व घरचा दुधाचा व्यवसाय, रा. तळ्याची वाडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर. आपणहून पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आई व आक्का यांच्यासह राहतो. आमच्याकडे हरणी नावाची म्हैस आहे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढे मोठा आवाज करत जायचे आणि म्हशीने त्या आवाजामागे धावत यायचे, अशी रीत आहे. हरणीला ही सवय अल्ताफ शमशुद्दीन मुल्ला, वय २४, मित्र, याने लावली. त्याचे गावात गॅरेज आहे. हरणी माझ्यापेक्षा त्याचे जास्त ऐकते.

आमच्या माळापलीकडे लष्कराची फायरिंग रेंज आहे. लहानपणापासून मी फक्त लांबून तिचा आवाज ऐकला होता. आज आसपासच्या गावांतील नागरिकांना ती आतून दाखवणार होते. मी व अल्ताफ, दोघांनीही नाव दिले होते. यादी गावातच तयार झाली. माझे नाव आले, त्याचे आले नाही. कारण मला माहीत नाही. तो म्हणाला, "तू जाऊन ये की. मी हरणीला घेऊन माळावर थांबतो, मग सराव करू. पण आलास की सगळं सांगायचं. एक बी गोळी गाळायची न्हाय."

मी ओळखपत्राच्या दोन प्रती नेल्या होत्या. एकच लागली. गेटवर आमचे मोबाईल जमा करून घेतले. रेंजवर लाल झेंडा लावलेला होता. सुभेदार अमरसिंह यांनी मला पालथे झोपवून रायफल खांद्याला लावून दिली. मी घाईने ट्रिगरवर बोट नेले. ते म्हणाले, "पावणं, पोरगी बघायला आलाय व्हय? निवांत. श्वास अर्धा सोडा. ट्रिगर ओढायचा न्हाय, दाबायचा." मी दाबला. खांद्याला धक्का बसला, बंदुकीच्या दारूचा वास आला आणि समोरच्या कागदाला मधल्या काळ्या गोलात भोक दिसले. मी मोठ्याने ओरडलो. तेथे ओरडायचे नसते हे नंतर कळले. असा आनंद मला यापूर्वी झालेला आठवत नाही. हे अल्ताफला कसे सांगायचे, याची वाक्ये मी तेव्हाच मनात जुळवत होतो.

नंतर जवानांनी मशीनगनचे प्रात्यक्षिक सुरू केले. सलग, जमीन हादरवणारा आवाज होता. मला तो ओळखीचा वाटला. कशासारखा, ते लक्षात येईपर्यंत डाव्या बाजूच्या ओढ्यातून हरणी वर आली. शेपूट उभे करून ती सरळ बंदुकांकडे धावत होती. तिच्यामागे अल्ताफ अंगातला शर्ट काढून हवेत फिरवत "थांबवा! थांबवा!" ओरडत येत होता. सुभेदारांनी "फायर बंद!" असा हुकूम दिला व सर्व शांत झाले. हरणी मशीनगनपाशी जाऊन उभी राहिली आणि मोटारसायकल शोधू लागली. लोक हसले. मीही हसलो.

वळून पाहिले तेव्हा अल्ताफला जमिनीवर पालथे झोपवलेले होते. त्याच्या खिशात मोबाईल सापडला. त्याला कुणी पाठवले, असे विचारत होते. म्हैस माझी आहे, असे मी दोनदा सांगितले. मला कुणी काही विचारले नाही.

अल्ताफ, माळावर उभी असलेली त्याची मोटारसायकल व हरणी यांना येथे ठाण्यात आणण्यात आले. म्हैस मुद्दाम आत सोडून मनाई असलेल्या जागेत शिरल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होणार, असे समजल्यावरून मी आलो. फौजदार वर्षाराणी मॅडम नुकत्याच बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "म्हैस आवाजाला बिचकून लांब पळते. ही आवाजाकडे आली, हे मी वरिष्ठांना कसं सांगू?" हवालदार आण्णा म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून कोल्हापूरचा पाडवा बघितला न्हाईसा."

मी विनंती केली की, पाहून घ्यावे. मॅडमनी परवानगी दिली. हरणीला मागच्या भिंतीजवळ मोकळे सोडले. आण्णांनी गेटपाशी अल्ताफची गाडी चालू करून जोरात आवाज केला. हरणी शेपूट उभे करून आवारातून धावत आली. दोन शिपाई जीपवर चढले. मॅडम खुर्चीमागे गेल्या. हरणीने गाडीवर बसलेल्या आण्णांचा वास घेतला, तोंड फिरवले, व्हरांड्याच्या पायऱ्या चढली आणि अल्ताफला बसवले होते त्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "अहो, धरा हिला कुणीतरी!"

आण्णा म्हणाले, "आमचं कुठलं ऐकती? त्यालाच उठवा की."

मॅडमनी अल्ताफला उठायला सांगितले. दुपारपासून त्याला कुणी ऊठ म्हणाले नव्हते.

वरील मजकूर आण्णांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. अल्ताफ खिडकीबाहेर हरणीला धरून उभा असल्याने त्यानेही ऐकला. गोळीची हकीकत आली तेव्हा "आणखी एकदा वाचा की," असे तो म्हणाला. एका ठिकाणी त्याच्या नावापुढे 'संशयित' असे लिहिले गेले होते. ते मॅडमनी स्वतः खोडून, मी सांगितल्यावरून 'मित्र' असे लिहिले व खोडाखोडीवर सही केली. आता सर्व बरोबर आहे.